मांडे करणाऱ्या हाताला प्लेट हवी का?

पत्र: माझी आई ६८ वर्षांची. आमचं गाव चोपडा तालुक्यात. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आई मोरीत घसरली आणि उजव्या हातावर पडली. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, मनगटाजवळ हाड मोडलंय म्हणाले. भूल देऊन हाड बसवलं आणि कोपराखाली प्लास्टर घातलं. दहाव्या दिवशी पुन्हा एक्स-रे काढला तर हाड सरकलेलं. कागदावर लिहिलंय की हाताच्या पाठीकडे १५ अंश कललंय, २ मिलिमीटर आखूड झालंय, सांध्याची कड सरळ आहे. एक डॉक्टर म्हणतात प्लेट टाका, नाहीतर हात वाकडा राहील. जळगावचे दुसरे म्हणतात, या वयात राहू द्या. दादा म्हणतो, केळीचे पैसे आलेत, करून टाकू ऑपरेशन. मामा म्हणतात हे दोन्ही नको, हाडवैद्याकडून पट्टी बांधून आणू. आई काही बोलत नाही. परवा एवढंच म्हणाली, "मना हात आते कामना नही ऱ्हायना." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या अर्ध्या गल्लीचे मांडे तिच्या हातचे असतात. काय करावं ते सांगा. – एक लेक

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण तुमच्या हातात दिवस थोडे आहेत. मोडलेलं हाड दोन-तीन आठवड्यांत धरायला लागतं. प्लेट टाकायचीच असेल तर त्याआधी टाकलेली बरी, नंतर तेच काम अवघड होऊन बसतं. तेव्हा निर्णय याच आठवड्यात घ्या, पण घाईघाईनं आणि घाबरून नको.

माझा कल आधीच सांगतो. तुम्ही लिहिलेले आकडे बरोबर असतील, तर मी प्लास्टरच ठेवलं असतं. हात डोळ्यांनी पाहिलेला नाही, म्हणून याला कलच म्हणा. पण तो असा का आहे, हे तुम्हाला कळायला हवं, म्हणजे दोन्ही डॉक्टरांशी तुम्हाला नीट बोलता येईल.

मनगटाचं हे मोडणं जुन्या ओळखीचं आहे. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलीज यांनी १८१४ साली त्याचं वर्णन केलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ साली, म्हणजे कोलीज यांनी हे सगळं नुसत्या बोटांनी चाचपून ओळखलं होतं. त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं की हाताचा बाक जन्मभर राहतो, पण काही काळानं हात मोकळा हलतो आणि दुखायचा थांबतो. पुढे एक्स-रे आले, आणि फिल्मवर हाड वाकडं दिसलं की ते सरळ केल्याशिवाय आम्हा डॉक्टरांना चैन पडेना. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही शल्यविशारद एकत्र आले आणि त्यांनी हाडांच्या ऑपरेशनला शिस्त लावली: तुकडे नीट जुळवायचे, घट्ट धरायचे, सांधा लवकर हलवायचा. ती शिस्त आजही मोलाची आहे. कोपर आणि मनगट यांच्या मधोमध दोन्ही हाडं मोडली, तर मोठ्या माणसाला प्लेटच लागते. म्हणून माझं हे उत्तर शेजारच्या कुणाच्या हाताला लावू नका.

आईच्या हाताला जी प्लेट सुचवलीय ती बहुधा लॉकिंग प्लेट असेल. साध्या प्लेटचा स्क्रू हाडात आवळला जातो, आणि म्हातारपणी हाड भुसभुशीत झालं की त्याची पकड सुटते. लॉकिंग प्लेटच्या भोकालाच आटे असतात. स्क्रू प्लेटमध्ये घट्ट बसतो, त्यामुळे ठिसूळ हाडही धरून राहतं. गेल्या २० वर्षांत ही प्लेट जगभर वापरात आली. साहजिकच प्रश्न आला, की फिल्म सुंदर दिसते खरी, पण पेशंटचा हातही तेवढाच सुधारतो का?

हा प्रश्न संशोधकांनी प्रामाणिकपणे तपासला. ऑस्ट्रियात ६५ वर्षांवरच्या ७३ पेशंटांवर चाचणी झाली, ती २०११ साली छापून आली. निम्म्यांना प्लेट, निम्म्यांना प्लास्टर. प्लेटवाल्यांची फिल्म सरळ होती आणि मुठीची ताकद थोडी जास्त भरली. पण वर्षाअखेर दुखणं आणि रोजची कामं यांत दोघांत फरक निघाला नाही. उलट त्रास उद्भवले ते प्लेटवाल्यांत १३ आणि प्लास्टरवाल्यांत ५. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०२१ सालच्या चाचणीत ६० वर्षांवरचे १६६ जण होते, तिथेही वर्षानं तेच दिसलं. २०२० साली अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीनं आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं, की ६५ च्या पुढच्या माणसाला या मोडण्यात ऑपरेशनमुळे दीर्घकाळाचा जास्त फायदा होत नाही.

आता प्लेट सुचवणाऱ्या डॉक्टरांची बाजू. प्लेट टाकली की मनगट दोन-एक आठवड्यांत हलवता येतं, आणि पहिले दोन-तीन महिने तो हात पुढे असतो. नंतर प्लास्टरचा हात त्याला गाठतो. शिवाय प्लास्टरमध्ये हाड सरकतं हेही खरं. ब्रिटनमध्ये ५०० पेशंटांवर झालेल्या, २०२२ साली छापून आलेल्या चाचणीत प्लास्टरच्या गटातल्या दर आठांपैकी एकाला सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन करावं लागलं, कारण हाड जागेवर राहिलं नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी दहाव्या दिवशी एक्स-रे काढला ते योग्यच केलं. तिसऱ्या आठवड्यात आणखी एक काढून घ्या.

या चाचण्यांत फरक पडला की नाही, हे ठरवलं कशावरून? फिल्मवरून नव्हे, पेशंटला विचारून. त्यासाठी कॅनडात तयार झालेली एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात विचारतात: दाराची मूठ फिरवता येते का, शर्टाची बटणं लावता येतात का, त्या हातावर जोर देऊन खुर्चीतून उठता येतं का, १० पौंडांचं ओझं उचलता येतं का. एक प्रश्न सुरीनं मांस कापता येतं का असाही आहे. मी ही प्रश्नावली आपल्याकडच्या बायांना विचारायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की खानदेशातल्या हाताचं काम तिच्यात आलेलंच नाही. भाकरी थापणं, धुणं पिळणं, बट्टीची घट्ट कणीक तिंबणं, यांचा प्रश्न कुणी विचारायचा? आणि मांड्यांचा?

मांडा करताना आई काय करते ते आठवा. सैल कणकेच्या उंड्यात पुरण भरून ती तो थोडा लाटते, मग दोन्ही हातांवर घेते. तळहात आभाळाकडे, कोपरं अंगाजवळ. पोळी या हातावरून त्या हातावर जाते, तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत पसरते, आणि मग अलगद खापरावर उतरते. यात ताकद कमी आणि हात फिरवणं जास्त. हाताच्या पुढच्या भागात दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूचं अल्ना जात्याच्या खुंट्यासारखं जागेवर राहतं, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस त्याच्याभोवती फिरतं. आईचं मोडलंय ते रेडियस. ते फार आखूड झालं, तर खुंटा वर येतो आणि तळहात आभाळाकडे करताना अडतो, करंगळीकडून दुखतो.

म्हणून तुमच्या कागदावरच्या दोन आकड्यांपैकी मला १५ अंशांची काळजी कमी आहे आणि २ मिलिमीटरची जास्त. साठीच्या आतल्या माणसाला १० अंशांपुढचा कल, ३ मिलिमीटरपुढचं आखूडपण किंवा सांध्याच्या कडेत २ मिलिमीटरपुढची पायरी असली, तर आम्ही ऑपरेशनकडे झुकतो. पासष्टीपुढे या आकड्यांचा धाक कमी होतो, पण सगळेच आकडे सारखे सैल होत नाहीत. डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा. एक, डाव्या मनगटाचाही एक्स-रे काढा. काहींची दोन हाडं जन्मतःच लांब-आखूड असतात, त्यामुळे २ मिलिमीटर हे मोडण्यामुळे झालं की मुळातलंच आहे हे जोडीच्या हातावरूनच कळतं. दोन, पुढच्या फिल्ममध्ये आखूडपण ३ च्या पुढे गेलं, किंवा सांध्याच्या कडेला पायरी दिसली, तर माझा कल बदलेल आणि प्लेटचा सल्ला मला रास्त वाटेल. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना सतत मुंग्या येत असतील तर तेही लगेच सांगा, कारण तिथून जाणारी नस दाबली गेलेली असू शकते.

तुमच्या पत्रात दोन डॉक्टरांचं मत आहे, दादाचं आहे, मामांचं आहे. आईचं नाही. आधी तिला विचारा. तिच्याजवळ बसा आणि सांगा की प्लेटनं हात लवकर मोकळा होईल, पण भूल, टाके, जंतुसंसर्ग आणि कधी बोट हलवणारी दोरीसारखी शीर प्लेटवर घासून तुटण्याचा धोकाही येईल. प्लास्टरनं मनगटाला थोडा बाक राहील, चार महिने कळ सोसावी लागेल, पण वर्षानं हात साधारण तिथेच पोचेल. बाक दिसला तर तिला चालेल का? कुणाच्या हातून पाणी घ्यायची वेळ आली तर किती दिवस सोसेल? शेकडो पेशंटांना जे विचारून एवढं संशोधन उभं राहिलं, तेच तुमच्या घरात आईला विचारायचंय. ती म्हणाली की मला लवकर माझं मी करायचंय, तर ६८ व्या वर्षी प्लेट टाकणं ही चूक नाही. आणि आत्ता प्लास्टर ठेवलं आणि पुढे हात फिरवताना फारच अडलं, तर हाड नंतर कापून सरळ करण्याचं ऑपरेशनही होतं. त्याची वेळ थोड्यांवर येते, पण दार बंद होत नाही.

मामांचा मान ठेवून सांगतो, हाडवैद्याकडे नेऊ नका. त्यांच्यातल्या काहींच्या हाताला जाण असते, हे मी पाहिलंय. पण मी नवा डॉक्टर असताना एका रात्री सात वर्षांचा मुलगा आला होता. बोरीवरून पडून कोपराच्या वर हाड मोडलेलं, बांबूच्या कामट्या लावून वर करकचून पट्टी. तीन दिवस पोर रडत होतं आणि घरचे समजत होते, मोडलंय म्हणजे दुखणारच. पट्टी सोडली तेव्हा बोटं थंडगार, निळसर, आणि मी एक बोट हलकेच सरळ केलं तर तो किंचाळला. हाड जुळलं. आतले स्नायू मात्र मेले होते, आणि तो पंजा पुन्हा कधी पूर्ण उघडला नाही. आवळलेल्या पट्टीखाली रक्त न पोचल्यानं असा हात आखडतो, हे फोल्कमान या जर्मन शल्यविशारदांनी १८८१ सालीच लिहून ठेवलंय. त्या मुलाचे वडील दाराशी उभे राहून मला पुन्हा पुन्हा विचारत होते, काल आणला असता तर? मला त्यांना खरं सांगावं लागलं.

हाच धोका डॉक्टरच्या प्लास्टरखालीही असतो. आईचं दुखणं गोळीनं न थांबता वाढत गेलं, बोटं बधिर, पांढरी किंवा निळी पडली, बोट सरळ करताना जीव जाईल असं दुखलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. आतल्या कापसासकट प्लास्टर कापून घ्या. हाड पुन्हा बसवता येतं.

आणि हो, उजव्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढलीय ना? सूज चढली की अंगठी बोटात रुतते. सवाष्ण बाया बांगडी काढायला तयार होत नाहीत, मी त्यांना ती डाव्या हातात चढवायला सांगतो, आणि बहुतेक जणी मानतात.

प्लेट असो की प्लास्टर, हात कसा होणार याचं मोठं श्रेय बोटांना असतं. मनगट प्लास्टरमध्ये आहे, बोटं मोकळी आहेत. आईला सांगा, जागेपणी दर तासाला दहा वेळा पूर्ण मूठ वळायची, पूर्ण उघडायची, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावायचा. दिवसातून चार वेळा हात डोक्याच्या वर. म्हातारी माणसं हात झोळीत घालून गप्प बसतात, आणि सहा आठवड्यांनी मनगट जुळतं पण खांदा धरलेला असतो. आई काही बोलत नाही असं तुम्ही लिहिलंत, तिथं मला जास्त काळजी वाटली. तिला शेंगा सोलायला द्या, वाती वळायला द्या. बोटं सुजून चकचकीत झाली, गरम लागली, आग व्हायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. आणि प्लास्टर निघाल्यावर अंगठा एकाएकी वर उचलेनासा झाला तर लगेच दाखवा, कारण हाड सरकलेलं नसतानाही कधी अंगठ्याची शीर झिजून तुटते.

पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर निघेल. हात बारीक, कोरडा आणि ताठ दिसेल, त्याला घाबरू नका. कोमट पाण्यात दहा मिनिटं धरायचा आणि हलवायचा. मग फिरवण्याचा व्यायाम. कोपर कमरेला टेकवायचं, मुठीत लाटणं उभं धरायचं, आणि ते सावकाश एकदा आत, एकदा बाहेर कलू द्यायचं. लाटण्याचं वजनच हात फिरवून देतं, जोर लावावा लागत नाही. रोज सकाळी ओंजळ धरून पाणी घ्यायला सांगा. ओंजळीतून पाणी गळायचं थांबलं की तळहात आभाळाकडे वळायला लागला असं समजा. आठव्या आठवड्यात सैल कणीक, घट्ट कणीक त्यानंतर. भरलेला हंडा आणि धुणं पिळणं तीन महिने नको.

आखाजीपर्यंत तीन महिने होतील. तेव्हा आईला दोन-चार मांडे हातावर घेता येतील असं मला वाटतं, अर्ध्या गल्लीचे नाही. मुठीची ताकद यायला सहा महिने ते वर्ष लागतं. या वर्षी खापराशी तुम्ही आणि वहिनी बसा, आणि आई शेजारी बसून पुरणाची आणि कणकेची पारख करेल.

खाण्याबद्दल एकच. आंबट खाल्लं तर हाड जुळत नाही म्हणून लिंबू-चिंच बंद करतात, त्यात तथ्य नाही. हाडाची जाळी विणायला क जीवनसत्त्व लागतंच. १९९९ साली नेदरलँड्समध्ये त्याच्या गोळ्यांनी मनगट मोडल्यानंतर बोटं सुजून आग होण्याचं ते दुखणं कमी होतं असं दिसलं होतं, पण २०१४ साली एडिंबराच्या चाचणीत फायदा निघाला नाही. म्हणून गोळ्या मी लिहून देत नाही, वरणावर लिंबू जरूर पिळा. दूध, डाळी, कळण्याची भाकरी चालू द्या. मशेरी किंवा तंबाखू असेल तर ती मात्र बंद, निकोटिननं हाड उशिरा जुळतं.

आता ज्याबद्दल कुणीच तुम्हाला काही बोललेलं नाही ते. आई मोरीत घसरली, उभ्या उंचीवरून पडली, आणि मनगट मोडलं. चांगलं हाड एवढ्यानं मोडायला नको. म्हणजे तिची हाडं विरळ झालेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मनगटानंतर पुढच्या वर्षांत मोडतो तो खुबा. खुबा मोडलेली माणसं अंथरुणाला खिळतात, म्हणून आत्ताच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या, रक्तातलं ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमही तपासा. हाडं विरळ निघाली तर औषध आहे. झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा सलाइनमधून देतात. २००७ साली आलेल्या मोठ्या चाचणीत त्यानं तीन वर्षांत खुब्याचं मोडणं ४१ टक्क्यांनी आणि मणक्याचं ७० टक्क्यांनी कमी झालं. आधी किडनी आणि दात तपासावे लागतात, ते डॉक्टर बघतील. आणि आज संध्याकाळीच मोरीतलं शेवाळ खरवडून काढा, भिंतीला धरायला एक दांडी ठोकून घ्या.

पैशांचं दादाला सांगा. ऑपरेशन ठरलंच, तरी केळीच्या पैशाला हात लावण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा आणि हे ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का ते भरती होण्याआधी विचारून घ्या. धुळ्याला आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या अस्थिरोग विभागात तिसरं मतही मिळेल.

डाव्या हाताची फिल्म आणि तिसऱ्या आठवड्याची फिल्म झाली की आकडे मला कळवा. आणि आईनं काय सांगितलं तेही, तिच्याच शब्दांत.